उगवणशक्तीची मोजणी : प्रत्यक्ष प्रयोगांतून शीलसंवर्धन

प्राथमिक शाळेत शीलसंवर्धनासाठी जे प्रयत्न होतात ते बहुतांशी शब्दांच्या द्वारे होतात. परिपाठाच्या वेळी सुविचार सांगितला जातो, फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात तो सुवाच्य अक्षरांत लिहिला जातो, एखादी बोधकथा होते आणि मुले आपापल्या वर्गांत जातात. ह्या गोष्टी निरुपयोगी आहेत असे म्हणण्याचा प्रस्तुत लेखकाचा हेतू नाही. परंतु 'नेहमी खरे बोलावे' हे वाक्य पुस्तीत दहा वेळा गिरविणाऱ्या मुलास खरे बोलण्याची कसोटी लागेल असा प्रसंग शाळेत कितीसा येतो, ह्याचा विचार केला पाहिजे. जेथे खोटे लिहिणे सोपे असते, कोणी पाहत नसते आणि खरे लिहिल्यास थोडी नामुष्की पत्करावी लागते, तेथे खरे लिहिले तरच ते शीलाच्या खाती जमा होते.

असे ठिकाण शाळेच्या वेळापत्रकात शोधू लागल्यास ते विज्ञानाच्या, अथवा खालच्या वर्गांत परिसर अभ्यासाच्या, तासात सापडते. गणिताचे उत्तर पुस्तकाच्या शेवटी छापलेले असते. इतिहासातील सन मुलाने स्वतः पाहिलेला नसतो. प्रयोगात मात्र मुलाच्या डोळ्यांसमोर जे घडले त्याचा पहिला साक्षीदार ते मूलच असते, आणि वहीत काय उतरवावे हे त्याच्या हाती असते. एकीकडे डोळ्यांनी पाहिलेले, दुसरीकडे पुस्तकात छापलेले किंवा गुरुजींना हवेसे वाटणारे. ह्या दोहोंत फरक पडला की क्षणभर मुलाची लेखणी थांबते. शिक्षकाचे लक्ष असावे ते ह्या थांबलेल्या लेखणीकडे.

दुर्दैवाने पुष्कळ ठिकाणी ही लेखणी थांबतच नाही. प्रयोग होण्याच्या आदल्या दिवशीच 'निरीक्षण' आणि 'अनुमान' ही दोन्ही सदरे फळ्यावरून उतरवून घेतलेली असतात. पेटती मेणबत्ती पाण्याच्या थाळीत उभी करून तिच्यावर पेला पालथा घालण्याचा प्रयोग सर्वांच्या परिचयाचा आहे. ज्योत विझते, पेल्यात पाणी चढते, आणि वहीत लिहिले जाते की, 'पाणी एक पंचमांश चढले; ह्यावरून हवेत प्राणवायू एक पंचमांश असतो.' हवेत प्राणवायू सुमारे 21 टक्के असतो हे खरे. परंतु हा प्रयोग ते सिद्ध करीत नाही. ज्योत विझते तेव्हा पेल्यात पुष्कळसा प्राणवायू शिल्लक असतो. पाणी चढते ते मुख्यतः निराळ्या कारणाने. पेला घालताना आतील हवा ज्योतीच्या उष्णतेने प्रसरण पावते, तिच्यातील काही भाग काठाखालून बुडबुड्यांच्या रूपाने निसटतो, आणि ज्योत विझून उरलेली हवा निवू लागली की बाहेरच्या हवेचा दाब पाणी आत ढकलतो. लक्षपूर्वक पाहणाऱ्या मुलांस हे बुडबुडे दिसतात. पाणी सावकाश, सारख्या गतीने न चढता ज्योत विझण्याच्या सुमारास भरकन चढते, हेही दिसते. एकीच्या जागी तीन मेणबत्त्या ठेवून पाहिल्यास पाणी अधिक चढते. पेल्यातील प्राणवायू तर तेवढाच असतो.

आता एखाद्या चुणचुणीत मुलीने 'पाणी पाव पेल्याहून अधिक चढले' असे लिहिले आणि शिक्षकांनी ते खोडून 'एक पंचमांश' केले, तर त्या मुलीने काय शिकावे? प्राणवायूविषयी ती काही शिकली असेल वा नसेल, पण डोळ्यांनी पाहिलेले लिहू नये, लिहावयाचे असते ते लिहावे, हा पाठ तिला पक्का होतो. परिपाठातील सुविचार तो पुसून काढू शकत नाही.

एक पाठ : बियाण्याची उगवणशक्ती

ह्यासाठी असा प्रयोग निवडावा की ज्याचे उत्तर पुस्तकात नाही, शिक्षकांस ठाऊक नाही, आणि ज्याच्या खरेखोटेपणाची झळ मुलांच्या घरापर्यंत पोहोचते. ग्रामीण शाळेस बियाण्याच्या उगवणशक्तीची चाचणी ह्या दृष्टीने फार सोयीची आहे. घरचे बियाणे पेरण्यापूर्वी ते तपासून घ्यावे असे कृषिखाते दरवर्षी सांगत असते. साहित्य म्हणाल तर दोन जुनी गोणपाटे, थोडे पाणी आणि शंभर दाणे. मराठवाडा-विदर्भात सोयाबीन घ्यावे, कोकणात भात घ्यावे, रब्बीच्या भागात हरभरा अथवा ज्वारी घ्यावी. प्रमाणित बियाण्याची किमान उगवणशक्ती सोयाबीनसाठी 70 टक्के, ज्वारीसाठी 75, भातासाठी 80 आणि हरभरा व गहू ह्यांसाठी 85 टक्के ठरविलेली आहे, हे आकडे शिक्षकांनी जवळ ठेवावेत. मात्र मोजणी होईपर्यंत ते मुलांस सांगू नयेत. अगोदर सांगितल्यास मुलांचे डोळे त्या आकड्याकडे झुकतात. मोठ्या माणसांचेही झुकतात.

एक सावधगिरी प्रथमच सांगितली पाहिजे. दुकानातून पिशवीबंद आणलेल्या बियाण्यास बहुधा विषारी औषध चोळलेले असते. ते मुलांच्या हाती देऊ नये. घरी राखून ठेवलेले, औषध न लावलेले बियाणेच वापरावे आणि काम झाल्यावर हात धुवावेत.

पाठ बियाणे आणण्यापासून सुरू होतो, आणि प्रामाणिकपणाची पहिली परीक्षा तेथेच होते. मुलांस 'घरून मूठभर सोयाबीन आणा' एवढेच सांगितले तर ती टपोरे, पिवळेधमक दाणे वेचून आणतील. आपल्या घरचे चांगले दिसावे ही इच्छा स्वाभाविक आहे. वर्गात ह्याच गोष्टीवर बोलावे. पेरताना वडील दाणे वेचून पेरणार आहेत काय? मग वेचलेल्या दाण्यांची चाचणी कोणाच्या उपयोगाची? पोत्याच्या वरून, मधून आणि तळातून एकेक मूठ घ्यावी, ती एकत्र कालवावी आणि त्यातून न निवडता ओळीने शंभर दाणे मोजून घ्यावेत, हे मुलांकडूनच काढून घेता येते. किडका, सुरकुतलेला दाणा हातात आला तर तोही शंभरांत धरावयाचा. हा नियम मुलांस प्रारंभी जड जातो. एखादे मूल असा दाणा हळूच खाली टाकून देते. त्यास रागावू नये. तो दाणा उचलून 'हाही शेतात जाणार ना?' एवढेच विचारावे.

वर्गाचे दहा गट करून प्रत्येक गटाकडे दहा दाण्यांची एक ओळ द्यावी. गोणपाट भिजवून पिळून घ्यावे, सपाट जागी पसरावे, त्यावर दीड-दोन सेंटिमीटर अंतराने दाणे मांडावेत, वर दुसरे ओले गोणपाट घालून सैलसर गुंडाळी करावी आणि ती सावलीत ठेवावी. सोयाबीन अगोदर पाण्यात भिजत घालू नये. त्याचे टरफल पातळ असते, एकदम पाणी शोषले गेल्यास आतला अंकुर दुखावतो. मळणीच्या वेळी किंवा पोती आपटल्याने उगवणशक्ती उतरते ती ह्याच नाजूकपणामुळे. हे सांगताना दाणा मधोमध उघडून अंकुर कोठे असतो ते भिंगाखाली दाखवावे. भिंग नसल्यास नुसत्या डोळ्यांनीही दिसते.

सकाळ-सायंकाळ पाणी शिंपडण्याची पाळी लावून द्यावी. सोमवारी गुंडाळी केली तर मोजणी पुढच्या सोमवारी येते आणि मध्ये रविवार पडतो. शिक्षकांनी हा रविवार टाळू नये. शाळेजवळ राहणाऱ्या दोन मुलांवर त्या दिवसाचे काम सोपवावे आणि स्वतः पाहावयास जाऊ नये. फळ्याशेजारी टांगलेल्या तक्त्यावर तारीख, वेळ आणि पाणी घालणाऱ्याचे नाव अशी तीन सदरे असावीत. सोमवारी तक्त्यावर रविवारची जागा मोकळी दिसली, किंवा 'सायंकाळी विसरलो' असे लिहिलेले दिसले, तर तो पाठाचा अपयशी भाग समजू नये. 'विसरलो' हा शब्द ज्या वर्गात निर्भयपणे तक्त्यावर येतो तेथे अर्धे काम झाले. त्या दिवशी गुंडाळी सुकली असेल तर उगवण कमी येण्याचे ते एक कारण असू शकते, म्हणून ही नोंद उपयोगाची आहे. आणि ती उपयोगाची आहे हे शिक्षकांनी विसरणाऱ्या मुलासमोर, सर्व वर्गाच्या देखत सांगावे.

मोजणीचा दिवस

सातव्या दिवशी गुंडाळी उलगडावी. हा क्षण मुलांस फार आवडतो. त्यांस दोन मिनिटे नुसते पाहू द्यावे. त्यानंतर 'उगवलेला दाणा' कशास म्हणावयाचे हे ठरवावे. काही दाण्यांस लांब मूळ आणि निरोगी कोंब आलेला असतो. काही नुसते फुगलेले असतात, काहींचे टरफल फाटून इवलेसे टोक डोकावत असते, काहींस बुरशी धरलेली असते. ज्याचे शेतात रोप होईल असा सशक्त अंकुर असलेला दाणाच मोजावा. ही व्याख्या मोजणीच्या आधी फळ्यावर लिहावी आणि नंतर बदलू नये. कारण बदलण्याचा मोह येतोच. 'गुरुजी, हा उद्यापर्यंत येईल, धरू का?' असे कोणीतरी विचारते. उत्तर एकच : आज जे आहे ते लिहा, आणि शेरा लिहावयाचा असेल तर पुढे 'एक दाणा फुटण्याच्या बेतात' असे लिहा.

प्रत्येक गटाने आपला आकडा दुसऱ्या गटाचा न ऐकता कागदावर लिहून घडी करून द्यावा. हा तपशील लहान असला तरी महत्त्वाचा आहे. तोंडाने आकडे विचारले म्हणजे पहिल्या गटाने 'आठ' म्हटल्यावर पाचवाल्या गटाचा आवाज बसतो आणि सातवा गट आपले सहा दाणे पुन्हा मोजू लागतो. चिठ्ठ्या उघडून आकडे फळ्यावर मांडावेत. समजा ते 6, 8, 5, 7, 4, 6, 5, 7, 6 आणि 4 असे आले. मुलांचा पहिला प्रश्न हमखास असा असतो की, 'ह्यांत बरोबर कोणाचे?' सर्वांचेच बरोबर आहे. दहा दाण्यांच्या लहानशा नमुन्यात इतका चढउतार येणारच. म्हणूनच एका गटाच्या दहा दाण्यांवर न थांबता शंभरांची बेरीज करावयाची. येथे ती 58 भरते. ज्या गटाचे चारच उगवले त्यानेही ह्या अठ्ठावन्नास तितकाच हातभार लावला आहे. त्याने लाजेपोटी आठ लिहिले असते तर बेरीज 62 झाली असती. असे चार-पाच गटांनी केले असते तर सत्तरीच्या खालचे बियाणे कागदावर सत्तरीच्या वर गेले असते.

ह्यापुढे खोट्या आकड्याचे काय होते ते मुलांसच सांगू द्यावे. शेतकऱ्यांच्या मुलांस ते शिकवावे लागत नाही. बियाणे चांगले समजून वडील नेहमीच्या प्रमाणात पेरणार, शेतात जागोजागी खाडे पडणार, आणि पाऊस लांबला तर दुबार पेरणीचे संकट येणार. बियाणे, खत, बैलभाडे किंवा ट्रॅक्टरचे भाडे आणि हातचे दिवस, हे सर्व त्या एका लाजऱ्या आकड्याच्या पोटी जाते. 'खोटे बोलू नये' हे वाक्य न उच्चारता खोट्याची किंमत मुलांच्या हिशेबात येते.

खऱ्या आकड्याचा उपयोगही गणिताच्या तासात करून दाखवावा. शंभरांत सत्तर उगवणारे बियाणे जेथे 100 दाणे लागते तेथे छप्पन उगवणारे किती लागेल? सत्तरास 0.56 ने भागले की 125 येतात, म्हणजे सव्वापट. मात्र उगवण फारच कमी असल्यास नुसते प्रमाण वाढवून भागत नाही, बियाणेच बदलावे लागते, आणि तो निर्णय घरच्या वडीलधाऱ्या मंडळींनी कृषी साहाय्यकांच्या सल्ल्याने घ्यावयाचा असतो. शाळेने फक्त खरा आकडा द्यावा. कोणाच्या घरचे बियाणे निकृष्ट निघाले ह्याची वर्गात चर्चा होऊ नये म्हणून पुड्यांवर नावांऐवजी क्रमांक घालणे बरे.

आकडा आणि गुण

काही शिक्षक विचारतील की, एखाद्या गटाने आकडा बनवून लिहिला असा संशय आल्यास काय करावे. प्रस्तुत लेखकाचे मत असे की, चौकशी करू नये. गुंडाळी समोर आहे. 'चला, पुन्हा एकदा मिळून मोजू' एवढे पुरे. शिक्षक पोलीस झाला की मुले आकडा अधिक सफाईने बनविण्यास शिकतात. त्यापेक्षा आकडा बनविण्याचे कारणच नाहीसे करावे, आणि ते कारण बहुधा गुण हे असते. दहापैकी नऊ उगवले म्हणून अधिक गुण आणि चार उगवले म्हणून कमी, असे एकदा जरी घडले तरी सर्व खटाटोप व्यर्थ होतो. गुण द्यावयाचे ते नोंदीच्या पूर्णतेस, न खोडलेल्या आकड्यास, शेऱ्याच्या नेमकेपणास द्यावेत.

ह्या बाबतीत मध्य प्रदेशातील होशंगाबाद जिल्ह्यातील कामाची आठवण ठेवण्यासारखी आहे. तेथे 1972 साली किशोर भारती आणि रसूलिया येथील फ्रेंड्स रूरल सेंटर ह्या दोन संस्थांनी 16 माध्यमिक शाळांत विज्ञान शिक्षणाचा कार्यक्रम सुरू केला. पुढे तो 1978 मध्ये जिल्हाभर पसरला आणि 2002 साली शासनाने तो बंद केला. मुले गटागटाने प्रयोग करीत, परीक्षेत पुस्तक उघडून पाहण्यास मोकळीक असे, आणि प्रात्यक्षिकाचीही परीक्षा होई. पुस्तक उघडून पाहता येते म्हटल्यावर पाठांतराची, आणि त्याबरोबर नकलेचीही, गरज बरीचशी उरत नाही. कार्यक्रम बंद झाला, पण परीक्षेची रीत बदलली म्हणजे मुलाची वहीही बदलते हा त्यातील विचार एकशिक्षकी शाळेतही आचरता येतो.

वरच्या वर्गांतील मुलांस एक हकीकत अवश्य सांगावी. योहान्नेस केपलर ह्याच्याजवळ टायको ब्राहे ह्याने केलेले मंगळाचे वेध होते. टायको 1601 साली वारला. त्या वेधांवरून केपलरने मंगळाची वर्तुळाकार कक्षा बसविली. पुष्कळ जुळली, पण काही ठिकाणी गणित आणि वेध ह्यांत 8 कलांचा फरक राहिला. पूर्ण चंद्राचे बिंब सुमारे 30 कलांचे दिसते. म्हणजे हा फरक चंद्रबिंबाच्या जेमतेम पाव भागाएवढा. तो सोडून दिला असता तर त्या काळी कोणी दोष दिला नसता. परंतु टायकोच्या वेधांत एवढी चूक असणे शक्य नाही हे केपलर जाणून होता. त्याने वर्तुळ टाकून दिले, आणि 1609 साली ग्रहाची कक्षा लंबवर्तुळाकार असते हे प्रसिद्ध केले. आपल्याकडील ज्योतिषशास्त्रात ह्यालाच जोडणारा 'दृक्प्रत्यय' असा एक नेमका शब्द आहे : गणिताने काढलेले डोळ्यांस पटणे. 1896 साली 'भारतीय ज्योतिषशास्त्र' हा ग्रंथ प्रसिद्ध करणारे शंकर बाळकृष्ण दीक्षित पेशाने शिक्षक होते, हे आपणांस अभिमानाने सांगण्यासारखे आहे. पंचांगातील ग्रहण आणि आकाशातील ग्रहण ह्यांची वेळ जुळली नाही तर दुरुस्ती पंचांगात करावयाची असते. हे वाक्य मुलांस हसवते आणि लक्षातही राहते.

शिक्षकांचे रजिस्टर

येथपर्यंत मुलांच्या वहीविषयी लिहिले. परंतु वर्गात आणखी एक वही असते आणि मुले ती पाहत असतात. हजेरीपट, पोषण आहाराची नोंद, निरनिराळ्या माहितीचे तक्ते ही कामे शिक्षकांवर किती आहेत ह्याची कल्पना ग्रामीण शाळेत काम करणाऱ्या कोणासही आहे. तपासणी उद्यावर आली की मागील पंधरा दिवसांची सदरे एका बैठकीत भरली जातात, आणि वर्गनायकास 'त्या दिवशी किती मुले होती रे, चाळीस लिहू ना?' असे विचारले जाते. मुलगा होकार देतो. त्याच मुलाने सकाळी गोणपाटातील दाणे मोजून 'चार' असे लिहिलेले असते. कामाचा बोजा ही खरी अडचण आहे आणि ती कागद मागविणाऱ्यांनी समजून घेतली पाहिजे. तथापि, ज्या दिवशीची नोंद झाली नाही त्या दिवशी 'नोंद राहिली' असा शेरा मारण्याचे धैर्य शिक्षकांनी एकदा मुलांच्या देखत दाखविले, तर पाणी घालावयास विसरणारा मुलगाही तक्त्यावर तसे लिहू लागेल. आणि तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी असा शेरा पाहून कपाळास आठ्या घालू नयेत, अशी त्यांस नम्र विनंती आहे.

पावसाळ्यात हीच सवय पर्जन्यमापकाने पुढे नेता येते. सरळ उभ्या भिंतीची, तळ सपाट असलेली कोणतीही बरणी चालते. तोंड आणि तळ सारख्या रुंदीचे असले म्हणजे बरणी लहान की मोठी ह्याने पाण्याच्या उंचीत फरक पडत नाही. ती झाडापासून व छपरापासून दूर, उघड्यावर रोवावी आणि हवामानखात्याप्रमाणे सकाळी साडेआठ वाजता मोजपट्टीने मिलिमीटरमध्ये वाचावी. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे प्रत्येक चौरस मीटरवर एक लिटर पाणी, हे मुलांस अंगणात आखून दाखवावे. रविवारचे वाचन राहिले तर सोमवारचा आकडा दोन दिवसांत वाटून टाकू नये. 'दोन दिवसांची बेरीज' असे लिहून रविवारची जागा मोकळीच ठेवावी.

उगवणीचा पाठ वर्षातून दोनदा घेता येतो. खरिपासाठी एप्रिलच्या पहिल्या पंधरवड्यात घ्यावा, म्हणजे सुट्टी लागण्यापूर्वी आकडे घरी पोहोचतात. त्यानंतर उन्हाळ्यात बियाण्याची शक्ती उतरण्याचा संभव असल्यामुळे पेरणीपूर्वी मुलांनी घरीच एकदा फेरचाचणी करावी. रब्बीसाठी सप्टेंबर अखेरीस हरभरा घ्यावा. चाचणीचे तक्ते फाडून टाकू नयेत. पुढील वर्षी त्याच घरच्या बियाण्याचा आकडा शेजारी लिहिता येतो. उगवलेले दाणे शाळेच्या परसात एका ओळीत लावावेत, न उगवलेल्यांच्या जागी खुंट्या रोवाव्यात, आणि शंभर जागांची ती ओळ पालकसभेस येणाऱ्या मंडळींस मुलांनी स्वतः दाखवावी.